शतावरीच्या रोपांत गेलेले सव्वा लाख

तुमच्या भागात कुणी औषधी वनस्पतींच्या करार शेतीची सभा घेत असेल, तर बुकिंगचे पैसे देण्याआधी एवढं वाचा.

माझी शेती मोहोळ तालुक्यात. मुरमाड रान, ज्वारी आणि तूर. अण्णांचे गुडघे धरलेले, आईला शुगर, आणि आजूबाजूच्या द्राक्षबागांवरच्या फवारण्या रोज डोळ्यांसमोर. विषाशिवाय काहीतरी पिकवावं असं मनानं घेतलं होतं. परसात तुळस, गुळवेल, अडुळसा होतेच. म्हणून सोलापुरात सात रस्त्याजवळ एका हॉटेलात शतावरीची सभा आहे म्हटल्यावर मी आपणहून गेलो.

शतावरीला पाणी कमी लागतं, फवारणी फारशी नाही, आयुर्वेदात तिला मान आहे, असं तिथं सांगितलं. ते खरंच आहे, म्हणून पुढचंही खरं वाटलं. रोप 22 रुपयांना, एका झाडाला 3 किलो ओली मुळी, ती 40 रुपये किलोनं कंपनी बांधावरून उचलणार. एकरी साडेसहा लाख! इंदापूरकडचा एक प्लॉटही दाखवला. तिथला शेतकरी छातीठोकपणे बोलला. त्याला दर रोपामागं कमिशन होतं, हे फार उशिरा कळलं.

अण्णा म्हणाले, "आरं, ज्याला माल घ्यायचाय, त्यो आधी आपल्याकडनंच पैसं कशापायी घेतोय?" मी त्यांना गप्प केलं. ते अजून मनाला लागतं.

चार बाय दोन फुटांवर 5,500 रोपं बसली. 1,21,000 रुपये रोख दिले. शंभराच्या स्टॅम्पवर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला, घरात पेढे वाटले.

शतावरीची मुळी काढायला दीड ते दोन वर्षं लागतात. फसवणाऱ्याला हाच काळ पुरतो. पहिले सहा महिने त्यांचा माणूस यायचा, फोटो काढायचा. मग फोन लागेना. अठराव्या महिन्यात होटगी रोडवरच्या ऑफिसला गेलो, तर तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान.

घरी येऊन करार पहिल्यांदा नीट वाचला. कलम 7: "कंपनीच्या प्रयोगशाळेत गुणवत्तेस उतरल्यास माल खरेदी केला जाईल." गुणवत्ता म्हणजे काय, कुठली प्रयोगशाळा, किती दिवसांत, काहीच नाही. पावतीवर तर फक्त "शतावरी रोपे, 5,500 नग". पोलीस ठाण्यात विचारलं, रोपं मिळाली ना? मिळाली होती. मी काय सांगणार?

मग स्वतःच काढणी केली. साधारण 3,800 झाडं जगली होती. सरासरी झाडाला 900 ग्रॅमसुद्धा मुळी भरली नाही. मार्केट यार्डात व्यापारी म्हणाला, "ओली कोण घेतं? सोलून, वाळवून आणा." घरातल्या बायकांनी मुळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या, साल ओढली, मधली शीर काढली, अंगणात वाळवल्या. दहा किलो ओलीची जेमतेम एक किलो सुकी. साडेतीनशे किलोच्या आत माल झाला, 220 रुपये किलोनं गेला, त्यातला निम्म्याहून जास्त पैसा मजुरीत गेला. बायकोच्या बोटांची सालं निघाली होती.

हे वाईट पीक नाही. आमच्याच पद्धतीत चूक होती. रोप विकणाऱ्याचा धंदा रोप विकल्यावरच संपतो, मुळीशी त्याचं देणंघेणं नसतं. म्हणून आधी मुळी घेणारा शोधा, त्याला सुकी हवी की ओली, किती हवी, ते विचारा. एजंटाशिवाय जाऊन, ज्याचा माल खरंच उचलला गेला त्या शेतकऱ्याची बँकेची नोंद बघा. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. औषधी वनस्पतींवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था गुजरातेत आणंदजवळ बोरियावीला आहे, तिथंही विचारा. मी यातलं काहीच केलं नाही, आणि अर्धा एकर आधी लावून बघायचं शहाणपणही सुचलं नाही.

आता त्या रानात पुन्हा मालदांडी ज्वारी आहे. बांधाला शतावरीची एक ओळ ठेवलीय, आईसाठी. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावात जिरेनियम या सुगंधी तेलाच्या पिकाची सभा झाली. मी कराराची झेरॉक्स घेऊन गेलो आणि पुढच्या रांगेतल्या पोरांना कलम 7 वाचून दाखवलं. कुणाला हवी असेल तर माझ्याकडून घेऊन जा, पण बुकिंगच्या आधी या.