इन्स्क्रिप्ट कळफलकावर नऊ महिने: एका लिहिणारीचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळी अंकांची कामे हातावेगळी झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर, मी संगणकावर मराठी लिहिण्याची माझी बारा वर्षांची पद्धत सोडली. तोवर मी रोमन अक्षरांत मराठी शब्द टंकत असे आणि त्याचे देवनागरी रूप संगणक आपल्या अंदाजाने पुढे करत असे. आता मी इन्स्क्रिप्ट मांडणीवर लिहिते, म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराची कळ ठरलेली असते आणि ती मीच दाबते. या नऊ महिन्यांत तिच्यावर एक दीर्घकथा, अनुवादाची सुमारे दोनशे पाने आणि पुष्कळसा पत्रव्यवहार लिहून झाला आहे, तेव्हा तिच्याबद्दल काही सांगण्याइतका वापर झाला असे समजायला हरकत नाही.

बदलायला निमित्त झाले ते एका प्रवासवर्णनाच्या अनुवादाचे. मी पाठवलेल्या मजकुरात ‘सह्याद्रीच्या दर्या धुक्याने भरल्या होत्या’ असे वाक्य होते आणि संपादकांनी समासात लिहिले होते, ‘सह्याद्रीत समुद्र कधी शिरला?’ मला अर्थातच ‘दऱ्या’ लिहायचे होते. रोमन अक्षरांत दोन्ही शब्द सारखेच टंकले जातात, संगणकाने रफाराचा पर्याय आधी दाखवला आणि मी घाईत तो स्वीकारला. ही चूक हसण्यावारी नेता आली असती. पण त्या निमित्ताने मी माझे जुने लेखन चाळले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला जास्त लागली. माझ्या हस्तलिखित वह्यांमध्ये ‘किलकिले’, ‘लगडलेली’, ‘वाकळ’, ‘हुंदडणे’ असे शब्द सहज येतात. संगणकावरच्या लेखनात मात्र ते विरळ होत गेले होते. जो शब्द सुचवण्यांच्या यादीत पहिल्या दोनांत येत नाही, तो मी नकळत टाळू लागले होते.

इन्स्क्रिप्ट ही काही नवी गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१९४ या मानकात तिचा समावेश झाला. ती विकत घ्यावी लागत नाही, कोठून उतरवूनही घ्यावी लागत नाही. विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करता येते. इतकी वर्षे ती माझ्या संगणकात बसून होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, कारण ‘ती टायपिस्ट लोकांची’ असा माझा समज होता.

प्रत्यक्षात ती वर्णमाला येणाऱ्या कोणाचीही आहे. बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आणि स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे आहेत. इंग्रजी ‘के’च्या कळीवर क आणि शिफ्ट दाबून ख, ‘आय’वर ग आणि शिफ्टने घ, ‘एल’वर त आणि शिफ्टने थ. अल्पप्राण कळ आणि महाप्राण कळ अशी वेगळी घोकंपट्टी करावी लागत नाही. काना, मात्रा, वेलांटी यांच्या कळींवर शिफ्ट दाबले की त्यांचे पूर्ण स्वर मिळतात. जोडाक्षरासाठी ‘डी’च्या कळीवर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, आहे. क्, मग ष दिला की क्ष तयार होतो. सगळी अक्षरे उच्चाराच्या क्रमाने द्यायची असतात. माझी आत्या जिल्हा परिषदेत मराठी टंकलेखिका होती. शेजारी बसून ती माझा सराव पाहत होती आणि एकदम म्हणाली, “अगं, वेलांटी आधी नाही का द्यायची?” तिच्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी उमटत असे, कारण कागदावर ती अक्षराच्या आधी दिसते. इथे ‘कि’ लिहिताना आधी क आणि नंतर वेलांटी. आत्याला ते अखेरपर्यंत पटले नाही.

पहिले तीन आठवडे वाईट गेले, हे स्पष्ट सांगते. मधल्या ओळीवर डावीकडे ो, े, ्, ि, ु आणि उजवीकडे प, र, क, त, च, ट ही अक्षरे येतात. तेवढ्यांतच बसणारे एक वाक्य मी सरावासाठी रचले होते: ‘तो पोपट परत चकित करतो.’ हा पोपट मी रोज सकाळी चहाबरोबर अर्धा तास चकित करत असे. सुरुवातीला मिनिटाला पाच-सहा शब्द होत. पूर्वीच्या पद्धतीने मी साधारण सत्तावीस शब्द लिहीत असे, त्यामुळे साधे उत्तर पाठवायचे म्हटले तरी घाम फुटे. जानेवारीच्या शेवटी दोन्ही वेग बरोबरीला आले आणि आता मी मिनिटाला पस्तीसच्या आसपास असते. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी ३० आणि ४० शब्दांच्या पातळ्या आहेत, त्या मानाने हा वेग मधलाच. पण कथालेखनात बोटांआधी डोके थांबते, त्यामुळे मला तो पुरतो.

या काळातली एक चूक सांगण्यासारखी आहे. मी देवनागरी अक्षरे छापलेल्या पारदर्शक चिकटपट्ट्या आणून कळींवर लावल्या होत्या. त्यांनी सोय केली आणि नुकसानही केले, कारण नजर पडद्यावरून सारखी खाली येऊ लागली आणि सहा आठवड्यांनंतरही ‘ध’ कोठे आहे हे बोटांना कळेना. शेवटी एका रविवारी सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या, मांडणीचे चित्र कागदावर छापून पडद्याच्या शेजारी टाचले आणि दहा दिवसांत बोटे सरळ झाली. ‘एफ’ आणि ‘जे’च्या कळींवर जे बारीक उंचवटे असतात, तिथे अनुक्रमे ऱ्हस्व वेलांटी आणि र आहेत, एवढे लक्षात ठेवले की बाकीची ओळ आपोआप सापडते.

या मांडणीने मला सर्वांत जास्त काय दिले असेल, तर ऱ्हस्व-दीर्घाचे भान. ऱ्हस्व वेलांटी मधल्या ओळीवर आहे आणि दीर्घ वेलांटी तिच्या बरोबर वरच्या ओळीवर. ऱ्हस्व उकार मधल्या ओळीवर आणि दीर्घ उकार त्याच्या वर. एका मात्रेच्या वर दोन मात्रा, ओकाराच्या वर औकार, अशीच सारी रचना आहे. म्हणजे दीर्घ लिहायचे तर बोट एक मजला वर चढते. रोमन पद्धतीत हा निर्णय संगणक घेत असे आणि मी डोळ्यांनी नुसता मान्य करत असे. आता प्रत्येक वेलांटीला बोट विचारते, खाली की वर? १९६२च्या शुद्धलेखन नियमांनुसार ‘कवी’ आणि ‘गुरू’ हे शब्द सुटे असताना दीर्घान्त लिहायचे आणि ‘कविसंमेलन’, ‘गुरुदक्षिणा’ अशा सामासिक शब्दांत तो स्वर ऱ्हस्व राहतो. हा नियम मला शाळेपासून पाठ होता, पण हातात तो या उन्हाळ्यात उतरला: ‘कवी’ लिहिताना शेवटी बोट वर जाते आणि ‘कविसंमेलन’ लिहिताना ते जागेवरच राहते. जूनमध्ये दिलेल्या कथेच्या मुद्रितांत वेलांटी-उकाराच्या दुरुस्त्या मोजून चार होत्या. पूर्वी पानागणिक दोन-तीन असत.

‘दऱ्या’चा प्रश्नही सुटला. शिफ्ट आणि ‘जे’ दाबले की ऱ मिळतो, त्याला हलन्त देऊन य लिहिला की ‘ऱ्य’. साधा र, हलन्त आणि य दिला तर ‘र्य’. त्यामुळे समुद्र आणि डोंगर आपापल्या जागी राहतात, तसेच आचार्यांना निमंत्रण आणि आचाऱ्यांना सामानाची यादी जाते. ‘वाङ्मय’ हा शब्दही मी इतकी वर्षे कधी ड घालून, कधी हलन्त गाळून पाठवत आले होते. आता ङ शिफ्ट आणि ‘यू’वर आहे हे ठाऊक असल्याने तो एका दमात लिहिला जातो.

आता तक्रारी. सर्वांत मोठी विरामचिन्हांची. माझ्या संगणकावरच्या मांडणीत अर्धविरामाच्या कळीवर च आहे, अवतरणाच्या कळीवर ट आहे, प्रश्नचिन्हाच्या जागी नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, असलेला य बसला आहे आणि उद्गारचिन्हाच्या जागी ऍ. प्रश्न विचारायचा किंवा पात्राला बोलू द्यायचे, तर दर वेळी इंग्रजीवर जाऊन परत यावे लागते. संवादांनी भरलेले एक पान लिहिताना मी वैतागून उठले होते. अपूर्णविराम सहज हाती न आल्यामुळे पुष्कळ जण त्या जागी विसर्ग ठोकतात आणि दिसायला दोन्ही सारखे असल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र शोध घेताना आणि अक्षरजुळणी करताना तो विसर्ग नडतो.

दुसरी तक्रार ‘ॲ’ची. हिंदीतला ऍ मांडणीत आहे, मराठीतला ॲ माझ्याकडे नव्हता. अ लिहून त्यावर चंद्र दिला तर दिसायला ॲ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हे असतात आणि ‘ॲसिड’ शोधले असता चंद्र जोडून लिहिलेले ॲसिड सापडत नाही. ‘ऱ्य’चेही असेच आहे, काही साधने तो साध्या र्‌नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून साठवतात, त्यामुळे माझ्या जुन्या आणि नव्या धारिकांमधला एकच शब्द एका शोधात हाती लागत नाही.

यावर तोडगा मिळाला तो मायक्रोसॉफ्टच्या कीबोर्ड लेआउट क्रिएटर या मोफत साधनामुळे. मूळ मांडणी त्यात उघडून, मराठीला क्वचितच लागणाऱ्या कळी मी बदलून घेतल्या: नुक्ता असलेल्या य च्या जागी प्रश्नचिन्ह, ऍ च्या जागी ॲ, तमिळ-मल्याळमच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या ऩ आणि ऴ च्या जागी दुहेरी अवतरणे आणि नुक्त्याच्या जागी उद्गारचिन्ह. एका संध्याकाळचे काम होते. तोटा इतकाच, की दुसऱ्याच्या संगणकावर बसले की माझे प्रश्नचिन्ह हरवते आणि वाक्याशेवटी ‘य़’ उमटतो.

एक गाऱ्हाणे हातांचे आहे. म, न आणि व ही तीन व्यंजने डाव्या हाताच्या वाट्याला आली आहेत, काना-मात्रा तर त्याच्याकडे आहेतच. ‘मानवाने’ हा शब्द पहिल्या अक्षरापासून शेवटच्या मात्रेपर्यंत एकट्या डाव्या हाताने लिहावा लागतो आणि उजवा हात नुसता पाहत बसतो. अनुवादाचे पुस्तक मानववंशशास्त्राचे होते, त्यामुळे हे दुखणे मला अंमळ जास्तच जाणवले.

मोबाइलवर मात्र ही मांडणी मी आठ दिवसांत सोडली. काचेवर बोटांना ओळी कळत नाहीत आणि कळी फार बारीक होतात. तिथे मी निरोप बोलून लिहिते आणि त्यातल्या चुका निमूटपणे सोसते.

जुन्या अक्षरजुळणीच्या टंकांत (फॉन्टमध्ये) मजकूर मागणाऱ्यांशी व्यवहार असेल, तर इन्स्क्रिप्टने तो प्रश्न सुटत नाही. मी दिलेला युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या प्रमाण संकेतातला, मजकूर एका मुद्रणालयाने आपल्या जुन्या टंकात रूपांतरित केला, तेव्हा सगळे ‘ऱ्य’ गळून त्या जागी मोकळे चौकोन आले होते आणि ते मला हाताने एकेक करून भरून द्यावे लागले.

एक अनपेक्षित लाभ सांगायचा राहिला. इन्स्क्रिप्टमधल्या अक्षरांच्या जागा इतर भारतीय लिप्यांतही त्याच आहेत. आजीचे माहेर बेळगावकडचे. तिच्या भावांची नावे कन्नडमध्ये लिहून द्यायची होती. भाषा कन्नडवर नेली आणि क ज्या कळीवर होता तिथेच ಕ मिळाला, ळ जिथे होता तिथे ಳ. कन्नड लिपी मला जेमतेम वाचता येते, तरी पाच नावे न अडखळता लिहून झाली.

कोणी विचारलेच, तर मी एवढेच सांगते की हातात मुदतीचे काम असताना सुरुवात करू नये. मी नोव्हेंबर निवडला तो त्यासाठीच. पहिला महिना फक्त रोजनिशी इन्स्क्रिप्टवर लिहावी, कामाचा मजकूर जुन्याच पद्धतीने चालू द्यावा, आणि चिकटपट्ट्यांचे पैसे वाचवावेत.