पिकअप लोअर करायचीय? ब्लॉक, शॅकल, फ्लिप, एअर बॅग आणि हाउसिंग सरळ ठेवण्याची गोष्ट

पिकअप खाली घ्यायची ठरवली की सगळे पहिलं विचारतात, किती इंच? मला वाटतं त्याच्या आधी विचारायला हवं की गाडी खाली आल्यावर मागचं हाउसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी नळी) जागेवर कोण धरणार आहे. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत पाटा वजन तर पेलतोच, पण हाउसिंगला पुढेमागे आणि आडवं सरकू न देणं हे पण त्याचंच काम, वेगळा दांडा वगैरे तिथे काही नसतो, आणि लोअर करताना आपण नेमका तोच जोड उघडतो.

म्हणून आधी गाडीखाली वाकून बघा, पाटा हाउसिंगच्या वर आहे की खाली. पाटा खाली असेल तर दोघांच्या मध्ये ब्लॉक, म्हणजे धातूचा ठोकळा, टाकला की गाडी खाली येते. पाटा वर असेल आणि तुम्ही तोच ब्लॉक टाकला तर गाडी उलट उंच होते! निम्मा निर्णय इथेच होतो.

ब्लॉक आणि लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक फ्रेमला जोडणारी हलती पट्टी) हे दोन्ही स्वस्त आणि सोपे, म्हणून लोक यातलंच काहीतरी घेतात, पण हाउसिंगच्या दृष्टीने दोघांत खूप फरक आहे. ब्लॉकमध्ये हाउसिंगचा कोन बदलत नाही, ते सरळ वर सरकतं, त्यामुळे पिनियन (हाउसिंगचं पुढचं नाक, ज्याला गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट जोडतो) आणि गिअरबॉक्सचं मागचं टोक आधी समांतर असेल तर नंतर पण समांतर राहतं आणि प्रॉपेलर शाफ्ट थरथरत नाही. शॅकलचं तसं नाही, तिथे पाट्याचं फक्त मागचं टोक हलतं. ५० मिमी फरकाचं शॅकल लावलं की हाउसिंगपाशी गाडी साधारण निम्मीच, म्हणजे २५ मिमी खाली येते, आणि पाटा १३०० मिमी लांब धरला तर तो दोन डिग्रीच्या थोडा वर तिरका होतो, त्याच्यासोबत पिनियनचं नाक तेवढंच खाली जातं. मग वेजेस, म्हणजे तिरक्या पाचरी, लावून कोन परत आणावा लागतो (स्टीलच्याच घ्या, ॲल्युमिनियमच्या दबून फुटतात). पुढचा हँगर (पाट्याचं पुढचं टोक धरणारा ब्रॅकेट) पण वर घेतला तर नाक उलट्या दिशेने फिरतं आणि दोन्हीचा हिशोब जुळतो, त्यामुळे शॅकल करायचंच असेल तर हँगरसोबत करा, एकटं नको. आणि शॅकल फ्रेमपासून खाली लटकतंय की वर उभं आहे ते पण बघा, खाली लटकणारं लांब केलं तर गाडी उचलली जाते.

ब्लॉकची भीती वेगळीच आहे. पाट्यांची थप्पी मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात आणि ब्लॉकची पिन हाउसिंगच्या पॅडच्या (पाटा बसतो त्या बैठकीच्या) भोकात पूर्ण बसली पाहिजे, एवढ्यावर सगळं उभं आहे. माझ्या गाडीला पहिल्यांदा ब्लॉक टाकले तेव्हा एका बाजूची पिन भोकाच्या काठावरच राहिली होती आणि वरून यू-बोल्ट (पाटा हाउसिंगला बांधणारे U आकाराचे बोल्ट) आवळले गेले, दिसायला सगळं घट्ट, पण सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं धरावं लागायचं आणि मागून येणारे सांगायचे गाडी तिरकी चालतेय. पुढच्या चाकांचं अलाइनमेंट दोनदा करून घेतलं, फरक शून्य, कारण दोष मागे होता.

किती सरकलं तर किती बिघडतं? दोन पाट्यांमध्ये १ मीटर अंतर धरा, एका बाजूला हाउसिंग ५ मिमी मागे गेलं तर कोन होतो जवळपास ०.२९ डिग्री, आणि ३ मीटर व्हीलबेसवर मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेतून १५ मिमी बाजूला जातात. डोळ्याला ५ मिमी दिसत पण नाही हो.

म्हणून काहीही उघडायच्या आधी मोजा, नंतर नाही. सपाट जमिनीवर गाडी उभी करायची, दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून हाउसिंगच्या मध्यापर्यंत अंतर घ्यायचं, मग फ्रेमवरचे पुढचे दोन सारखे पॉइंट आणि हाउसिंगची दोन टोकं यांच्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. काम झालं की परत तेच. दोन बाजूंत २-३ मिमीच्या वर फरक दिसला तर मी सरळ यू-बोल्ट सोडतो आणि पिन बघतो.

थप्पीतला एखादा पाटा काढून किंवा पाट्याची कमान चपटी करून गाडी खाली घेणं हा पर्याय मला अजिबात पटत नाही. ताकद जाते हे तर आहेच, पण कमान सपाट झाली की पाटा लांबतो आणि हाउसिंग थोडं मागे जातं, दोन्ही बाजू सारख्या चपट्या झाल्या नाहीत तर एक चाक पुढे एक मागे. माल वाहणाऱ्या गाडीला तर नकोच.

फ्लिप म्हणजे पाट्याच्या खाली असलेलं हाउसिंग पाट्याच्या वर घ्यायचं. गाडी किती खाली येते, तर हाउसिंगच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी, ७५ आणि ५० मिमी धरली तर १२५, म्हणजे ५ इंच. हाउसिंग उलटं फिरवायचं नसतं बरं का, फिरवलं तर चाकं उलटी फिरतील, पॅड फक्त नळीच्या दुसऱ्या बाजूला नवे बसवायचे. वेल्ड करणार असाल तर आधी नुसता टाका मारा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, पिनियनचा कोन मोजा आणि मगच पक्कं वेल्ड. सेंटर बोल्टचं डोकं पण हाउसिंगकडे फिरवावं लागतं. एवढं खाली आल्यावर नळी फ्रेमला ठोकते, म्हणजे फ्रेमला नॉच (खाच) कापून मजबुतीची प्लेट आली. ४-५ इंच खरंच हवे असतील तर हाच मार्ग, ब्लॉकवर ब्लॉक चढवून तिथे कधीच जाऊ नका, उंच ब्लॉकवर ब्रेक मारताना आणि जोर देताना पाटा पिळला जातो.

एअर बॅगचं (वजन पेलणारी हवेची रबरी पिशवी, अपघातातली नाही) सुख मोठं आहे, माल भरला की हवा भरा, रिकामी असली की खाली बसवा. पण बॅग फक्त वजन धरते, हाउसिंगला धरत नाही. पाटे काढले तर दांडे आणि आडवा पॅनहार्ड रॉड (फ्रेमपासून हाउसिंगपर्यंत जाणारा, बाजूला सरकू न देणारा) किंवा तेच काम करणारं काहीतरी लागणारच, आणि कॉइल स्प्रिंगच्या पिकअपला पण हेच लागू. पॅनहार्ड ९०० मिमी लांब आणि आधी आडवा सपाट असेल तर ७५ मिमी खाली घेतल्यावर हाउसिंग एका बाजूला ३ मिमी सरकतं, त्याचं फ्रेमकडचं टोक आधीच खाली झुकलेलं असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे लांबी ॲडजस्ट होणारा रॉड घ्या आणि चालवायच्या उंचीवरच सेट करा.

पुढच्या बाजूला जास्त बोलत नाही. लोअरिंग स्प्रिंगने कॅम्बर आणि टो (चाकांचे उभे आणि आडवे कोन) हलतात, ड्रॉप स्पिंडलने (चाकाचा आस वर घेतलेला स्पिंडल) आर्म मूळ कोनातच राहतात म्हणून मला तो आवडतो, पण अलाइनमेंट दोन्हीनंतर करायचंच, आणि मागचं मोजून सरळ झाल्यावर.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा व्हॉल्व हाउसिंगला दांडीने जोडलेला असतो, हाउसिंग फ्रेमच्या जवळ आलं की त्याला वाटतं माल भरलाय आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. रिकामी गाडी, ओला रस्ता, जोरात ब्रेक, मागची चाकं लॉक. दांडीचा ब्रॅकेट तेवढाच हलवून घ्या, पर्याय कुठलाही घेतला असला तरी.

रोज माल टाकणाऱ्याला, पाटा खाली असेल तर, मी २ इंचाचा स्टीलचा ब्लॉक सांगेन, बंप स्टॉपपर्यंत (हाउसिंग फ्रेमवर आदळू नये म्हणून लावलेला रबर) जागा उरतेय हे बघून, सोबत छोटे शॉकअप, कारण जुने आधीच अर्धे दबलेले राहतात. यू-बोल्ट नवीनच, एकदा आवळून ताणलेले परत वापरू नका, कंपनीच्या टॉर्कने आवळा आणि काहीशे किलोमीटरनंतर परत तपासा. माझी गाडी आता अशीच आहे, दोन्ही बाजूंत १ मिमीचा फरक, स्टीअरिंग सरळ.