कॅनडाच्या पीआर अर्जात एजंटने माझ्या नावावर खोटं लिहिलं

कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचं, काम मी २०२२ च्या अखेरीस पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीकडे सोपवलं. आज मला २०२९ पर्यंत पीआरसाठी पुन्हा अर्ज करता येत नाही आणि कॅनडात पाऊलही ठेवता येत नाही. पात्रतेत मी कुठे कमी पडले नव्हते. गुण पुरेसे होते, अर्ज करण्याचं निमंत्रणही आलं होतं. पण त्या लोकांनी माझ्या अर्जात दोन खोट्या गोष्टी घातल्या, मला न विचारता, न दाखवता, आणि कायद्याच्या लेखी त्या मीच सांगितलेल्या ठरल्या. पैसे बुडाले त्याचं वाईट वाटतंच. पण यापुढे कुठल्याही देशाचा व्हिसा मागताना ‘खोट्या माहितीमुळे कॅनडाने नकार दिला होता’ हे मला सांगावं लागणार, ते जास्त जिव्हारी लागतं. तशाच पद्धतीने चालणारी कार्यालयं आजही उघडी आहेत आणि तिथे आपलीच इंजिनिअर, नर्स, अकाउंटंट मुलं-मुली फाइल मांडीवर घेऊन बसलेली असतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी नाशिकची, मेकॅनिकलमध्ये एमई केलेलं. २०१३ ते २०१६ अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस टूल वर्कशॉपमध्ये होते, ते पुढे बंद पडलं. त्यानंतर एकाच मोठ्या कंपनीत सलग नोकरी. अर्ज एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवरून निमंत्रण देणाऱ्या कॅनडाच्या ऑनलाइन निवडपद्धतीतून, फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या वर्गात करायचा होता. कार्यालयात पहिल्याच भेटीत सांगितलं, “मॅडम, तुमची प्रोफाइल एकदम स्ट्राँग आहे, पीआर शंभर टक्के.” भिंतीवर फ्रेम केलेला परवाना होता, त्यावर कॅनडातल्या एका कन्सल्टंटचं नाव आणि नंबर.

तो नंबर खरा होता. माणूसही खरा. फक्त त्याचा या कार्यालयाशी काडीचाही संबंध नव्हता. हे मला सगळं संपल्यावर त्याला स्वतः ईमेल केल्यावर कळलं. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचं काम करण्याचा अधिकार तिथल्या कायद्याने मोजक्या लोकांना दिलाय: तिथल्या प्रांतांच्या लॉ सोसायटीचे वकील आणि पॅरालीगल, क्यूबेकचे नोटरी आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे परवानाधारक. या कॉलेजची यादी इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. त्यात नाव सापडलं एवढ्यावर थांबू नका. यादीत दिलेल्या संपर्कावर त्या माणसाला थेट विचारा, की अमुक शहरातलं अमुक ऑफिस तुमचंच का. आणि एजंट जर म्हणाला की प्रतिनिधीचा फॉर्म, म्हणजे आयएमएम ५४७६, भरायची गरज नाही, अर्ज तुम्हीच केलाय असं दाखवू, तर तिथून उठा. ज्याला कागदावर यायचं नाही, तो उद्या जबाबदारीही घेणार नाही.

माझ्या बाबतीत सगळी किल्ली एका ईमेलमध्ये होती. फाइलसाठी वेगळा जीमेल लागतो म्हणून त्यांनी माझ्या नावाने नवीन आयडी उघडला, त्याच आयडीवर सरकारी पोर्टलचं खातं काढलं आणि दोन्हींचे पासवर्ड स्वतःकडे ठेवले. मागितले की उत्तर ठरलेलं, “सिक्युरिटी पॉलिसी आहे मॅडम, सगळ्या क्लायंटचं असंच असतं.” निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. त्या काळात कागद मागायला रोज फोन यायचे, पण भरलेला अर्ज एकदाही दाखवला नाही. या अर्जाखाली शाईची सही लागत नाही, शेवटी नाव टाइप केलं की ते प्रतिज्ञापत्र होतं. माझं नाव त्यांनीच टाइप केलं.

आता त्या दोन खोट्या गोष्टी.

पहिली अमेरिकेच्या व्हिसाची. २०१८ मध्ये कंपनीच्या कामासाठी मी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत दिली होती, व्हिसा मिळाला नाही. नकाराचा कागद स्कॅन करून मी एजंटला ईमेलने पाठवला होता, तो ईमेल आजही माझ्याकडे आहे. त्याचं उत्तर होतं, “नोटेड.” अर्जात एक प्रश्न असतो की कॅनडाने किंवा अन्य कुठल्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारलाय का. त्यापुढे त्यांनी ‘नाही’ लिहिलं. कॅनडा आणि अमेरिका व्हिसा अर्जदारांच्या बोटांच्या ठशांवरून माहितीची देवाणघेवाण करतात. माझे ठसे अमेरिकेकडे होते, कॅनडासाठीही दिले, जुळायला कितीसा वेळ लागणार? आणि अमेरिकेने पर्यटन किंवा बिझनेस व्हिसा नाकारला म्हणून कॅनडा पीआर नाकारत नाही. तो नकार लपवला, तर मात्र नाकारतो.

दुसरी त्या बंद पडलेल्या वर्कशॉपची. तिथलं अनुभवाचं पत्र मिळणं शक्य नव्हतं, मालकांचा पत्ताच लागत नव्हता. म्हणून मी नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक दिलं. कंपनी बंद असेल तर असे पुरावे, सोबत जुन्या वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि पत्र का नाही याचा खुलासा, हा सरळ मार्ग आहे. “डॉक्युमेंटेशन टीम बघून घेईल,” असं सांगून त्यांनी त्याचे वेगळे ३५ हजार घेतले. टीमने काय बघितलं, तर एक बनावट पत्र छापलं. ते मी नंतर पाहिलं तेव्हा हात थरथरायला लागले. वर्कशॉपचा लोगो अंदाजाने काढलेला, मालकांची सही कुणीतरी गिरवलेली, तारीख ऑगस्ट २०१६ ची आणि तळाशी छापलेला जीएसटी नंबर. जीएसटी देशात लागू झाला १ जुलै २०१७ ला! कामाचं वर्णनही एनओसी कोडच्या, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणाच्या, सरकारी यादीतून शब्द न शब्द उचललेलं, माझ्या खऱ्या कामाचा त्यात मागमूस नाही.

सगळ्यात संताप येतो तो याचा, की या पत्राने मला एकही गुण जास्त मिळाला नाही. फेडरल स्किल्ड वर्करच्या शंभरापैकी ६७ गुणांच्या चाळणीत अनुभवाचे गुण सहा वर्षांना पूर्ण मिळतात. त्यानंतरच्या बाराशे गुणांच्या क्रमवारीत परदेशातला अनुभव तीन वर्षांच्या पुढे मोजलाच जात नाही. माझी दुसरी नोकरीच सहा वर्षांच्या वरची होती. पहिली नोकरी पूर्वेतिहासात नोंदवायची होती, बस. ३५ हजारांचं बिल लावण्यासाठी त्यांनी माझ्या अर्जात बनावट कागद घुसवला.

संशय आल्यावर अधिकारी लगेच अर्ज फेटाळत नाहीत. आधी पत्र पाठवतात, की आम्हाला अमुक गोष्ट खोटी वाटते, तुमचं म्हणणं ठराविक मुदतीत मांडा. ते पत्र आलं एजंटच्या ताब्यातल्या खात्यावर. मला कळवलंच नाही. अर्जदाराच्या नावाने दोन ओळींचं गोलमाल उत्तर गेलं आणि मार्च २०२४ मध्ये अर्ज फेटाळला गेला. इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन अ‍ॅक्टच्या कलम ४० प्रमाणे खोट्या माहितीला पाच वर्षांची बंदी असते, ती लागली. मी विचारत राहिले आणि कार्यालयातून ऐकत राहिले, “प्रोसेसमध्ये आहे, सध्या सगळ्यांचंच लेट चाललंय.”

शेवटी कॅनडात मिसिसागाला राहणाऱ्या मावसभावाने माझी लेखी संमती घेऊन तिथल्या माहिती अधिकाराखाली माझी फाइल मागवली. फी फक्त पाच डॉलर. त्या पानांत सगळं होतं: ‘नाही’ असं भरलेलं उत्तर, ते पत्र, अधिकाऱ्याची टिपणं. निर्णयाला कॅनडाच्या फेडरल कोर्टात आव्हान द्यायचं तर देशाबाहेरच्या प्रकरणात निर्णय कळल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. फाइल हातात पडेपर्यंत सप्टेंबर उजाडला होता. निर्णय माझ्या खात्यावर मार्चमध्येच पोहोचला होता, म्हणजे कागदोपत्री मला तो तेव्हाच कळला होता. मी बोललेल्या वकिलांनी सांगितलं की उशीर माफ करून घेणं अवघड आहे, आणि प्रतिनिधीने केलं म्हणून अर्जदार सहसा सुटत नाही.

पैशांचंही सांगते. ‘सरकारी फी’ म्हणून माझ्याकडून १ लाख ६० हजार घेतले. तेव्हा एका अर्जदाराची फी होती १,३६५ कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५, म्हणजे सगळे मिळून ९० हजारांच्या आत. ३० एप्रिल २०२४ ला ती १,५२५ झाली. हे आकडे कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर असतात, आणि फी थेट आपल्या कार्डावरून भरता येते. एक्सप्रेस एंट्रीची प्रोफाइल उघडायला तर काहीच पैसे पडत नाहीत. माझ्याकडून तिचेही घेतले. कुणी आता जॉब ऑफर विकायला आलं की यामुळे गुण वाढतील, तर त्याला सांगा की क्रमवारीतले जॉब ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकलेत.

ज्यांची फाइल आत्ता चालू आहे त्यांनी आजच्या आज खात्याचा पासवर्ड आणि ईमेल आपल्या हातात घ्या. परवानाधारक प्रतिनिधी स्वतःच्या पोर्टलवरून अर्ज करत असेल, तर पाठवण्याआधी पूर्ण अर्जाची पीडीएफ मागा आणि एकेक प्रश्न वाचा. विशेषतः व्हिसा नकाराचा प्रश्न आणि गेल्या दहा वर्षांचा इतिहास. त्यात एका महिन्याचीही पोकळी नको. घरी बसला होतात तर घरी होतो असंच लिहायचं. अनुभवाच्या पत्रात हुद्दा, कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, नोकरीच्या तारखा, सही करणाऱ्याचं नाव आणि संपर्क एवढं लागतं. आपल्याकडचे एचआर बहुतेकदा दोन ओळींचं रिलिव्हिंग लेटर देतात आणि तास लिहायला कां-कूं करतात. अशा वेळी एजंटकडे धावू नका. आपल्या प्रत्यक्ष कामाचा मसुदा स्वतः करून साहेबांकडे जा, आणि तरी नकार मिळाला तर साहेबांचं प्रतिज्ञापत्र, स्लिपा आणि खुलासा जोडा. तिथे खर्चापुरते पैसे आहेत हे दाखवायला बँकेचं पत्र लागतं, त्यात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि असलेलं कर्जही दाखवावं लागतं, म्हणून कुणी ‘फंड दाखवतो’ म्हणून आठवडाभरासाठी पैसे टाकून दिले तर तेही अंगाशी येतं.

मी पुण्यात पोलिसांत तक्रार दिली आहे आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. पैसे यूपीआयने ज्याच्या खात्यावर गेले त्याचं नाव आणि करारावरच्या फर्मचं नाव वेगळं निघालं, हे तिथे माझ्या उपयोगी पडतंय. प्रकरण चालू असल्याने कार्यालयाचं नाव इथे देत नाही. पण तुमची मूळ प्रमाणपत्रं किंवा पासपोर्ट अशा कुठल्याही कार्यालयात अडकले असतील, तर भांडण सुरू करण्याआधी ते हातात घ्या. माझी एमईची मूळ पदवी अजून त्यांच्याकडेच आहे आणि ती परत मिळावी म्हणून आयोगापुढे वेगळा अर्ज करावा लागला आहे.