एजिकोचा कॅपाब्रिज: शिवालिकच्या खडकांसाठी कसा आहे?

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या एजिको कंपनीने बनवलेला एमएफके-1 कॅपाब्रिज खडकाची चुंबकीय ग्रहणक्षमता, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात खडक किती चुंबकित होतो ते, मोजतो. इथे कामाची गोष्ट एकच, आणि ती तो फार बारकाईने मोजतो: ही ग्रहणक्षमता दिशेनुसार किती बदलते. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक गाळखडकांत नुसत्या डोळ्यांना न दिसणारा दाब त्यातून उमगतो. नुसता गाळ बसला असेल तर सर्वांत कमी ग्रहणक्षमतेचा अक्ष थराला लंब असतो आणि कमाल अक्ष थराच्या पातळीत विखुरलेले असतात. आडवा दाब आला की हेच कमाल अक्ष दाबाला काटकोनात, बहुधा थरांना पडलेल्या घडीच्या अक्षाला समांतर, गोळा होतात.

नमुना 25.4 मिमी व्यासाचा, 22 मिमी उंचीचा हवा. कापताना इथे आळस नको. प्रमाण बिघडले की नमुन्याचा आकारच निकालात डोकावतो. यंत्र नमुना तीन लंब पातळ्यांत फिरवते. थ्री-डी रोटेटर (नमुना आपोआप सर्व दिशांना फिरवणारा जोडभाग) असेल तर नमुना एकदाच बसवावा लागतो, आणि हाताने बसवण्यातली चूक टळते. पैसे असतील तर हा भाग जरूर घ्या.

आधी नमुना धरणाऱ्या रिकाम्या होल्डरचा संकेत मोजून तो वजा करायचा, मग प्रमाणित नमुन्याने कॅलिब्रेशन. फिकट वालुकाश्मात संकेत क्षीण असतो, तिथे होल्डरवरची धूळही भोवते. करवतीचा पोलादी चुरा त्याहून वाईट. नमुन्यावरची दिशा दाखवणारी बाणाची खूण उलटी पडली तर आकडे सुबक येतात, दिशा मात्र साफ चुकते. यंत्र ओरडत नाही.

सिडेराइट (लोहाचे कार्बोनेट खनिज) असेल तर कमाल आणि किमान अक्षांची अदलाबदल होऊ शकते. खनिज ओळखल्याशिवाय दाबाची दिशा सांगू नका.