गूगल प्ले कन्सोलचा ऍडमिन ऍक्सेस दिला अन् सहा वर्षांचं अकाउंट गेलं

नागपुरात मानेवाड्याला दोन खोल्यांच्या ऑफिसात मी ऍप बनवून देतो, सोबत एक पोरगा कामाला आहे. लाज वाटत होती म्हणून इतके दिवस गप्प बसलो, पण परवा धरमपेठेतल्या मित्राला अगदी तसाच फोन आला म्हणून लिहून राहिलो.

एका क्लायंटचं काम होतं, बचतगटाच्या हिशेबाचं ऍप. 1,85,000 अधिक जीएसटी ठरले. ऍडव्हान्स 30,000 अन् टॅक्स 5,400, असे 35,400 दुसऱ्याच दिवशी खात्यात आले. यानंतर कोणाचाही विश्वास बसला असता. ऍप झाल्यावर क्लायंट म्हणे, "सर, आमच्या कंपनीचा डन्स नंबर यायला महिना लागेल, तोवर तुमच्या अकाउंटवरून लाइव्ह करा, आमच्या एका माणसाला ऍडमिन द्या." ऍडमिन म्हणजे प्ले कन्सोलचे, प्ले स्टोअरवर ऍप टाकायच्या पॅनेलचे, सगळे हक्क. डन्स म्हणजे कंपनीची ओळख पटवणारा नंबर, कंपनीच्या अकाउंटला गूगल तो मागतं. त्या नंबरला तीस दिवस लागू शकतात हे खरंच आहे, म्हणून तर पटलं. जुन्या अकाउंटला भाव का हे सांगायला नको, 13 नोव्हेंबर 2023 नंतरच्या पर्सनल अकाउंटला 12 टेस्टर सलग 14 दिवस ठेवल्याशिवाय प्रॉडक्शन, म्हणजे सगळ्यांसाठी ऍप लाइव्ह करायची परवानगी, मिळत नाही, माझं त्याच्या आधीचं.

ऍडमिन कोणालाच देऊ नका. एका ऍपपुरता ऍक्सेस देता येतो, रिलीजचा हक्क स्वतःकडे ठेवा.

मे महिना होता, संध्याकाळी कूलरमध्ये पाइपने पाणी भरून राहिलो होतो, दुसऱ्या हातात मोबाइल. कन्सोल उघडलं तर नवीन व्हर्जन गेलेलं, 11 एमबीचं ऍप 34 एमबी झालेलं अन् परमिशनच्या यादीत रीड कॉन्टॅक्ट्स. मी लिहिलेल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ऍपला लागणाऱ्या परमिशन जिथं लिहितात त्या फाइलमध्ये, ती ओळ नव्हतीच. बचतगटाच्या हिशेबाला लोकांचे नंबर कशाला पाहिजेत? लगेच क्लायंटला फोन लावला, तर म्हणाला, "ऍनालिटिक्सचा एसडीके आहे सर." म्हणजे वापराची आकडेवारी गोळा करणारा तयार कोड. तेवढ्यात टाकी भरून पाणी फरशीवर आलं, मी नळ बंद करायला धावलो आणि विषय तिथंच सुटला. तेव्हाच त्याला काढायला एक मिनिट लागलं असतं. पण 1,55,000 यायचे होते, पोराची फी तोंडावर, दोन जुन्या क्लायंटनी पैसे अडवलेले, भांडलो तर हेही बुडतील असं वाटलं. माझ्या जागी कोणीही थांबला असता.

नवव्या दिवशी अकाउंट टर्मिनेट. आत कर्ज देणारं ऍप घातलं होतं त्यांनी, अन् कर्जाच्या ऍपला कॉन्टॅक्ट वाचायला 31 मे 2023 पासून मनाई आहे. माझं स्वतःचं दूधवाल्यांच्या हिशेबाचं ऍपही गेलं, 41,000 डाउनलोड होते, महिन्याला 9,400 च्या आसपास यायचे. अपील नामंजूर. अकाउंट माझं म्हणून जबाबदारी माझी, नवीन उघडायचीही सोय नाही.

वरून बाकी रकमेचं बिल मी फाडून बसलो होतो. सीएचा फोन आला, "अहो, तुमच्या क्लायंटचा हा जीएसटी नंबर रद्द दाखवून राहिला." नंबर जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो, काम घेण्याआधी तपासा. बिल दिलं म्हणून 27,900 टॅक्स मी खिशातून भरला.

आता पोलिसांचं ऐका. एका ठाण्यात म्हणाले सायबरकडे जा, तिकडे म्हणाले तुमच्या खात्यातून पैसे कुठे गेलेत, हा तर व्यवहाराचा वाद, कोर्टात जा. तिसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तात. चौथ्या दिवशी कॉन्स्टेबल मलाच विचारतो, "अकाउंट तुमचं ना? मग ऍप तुमचंच." समोरचा पुण्याचा, म्हणून हद्द नाही म्हणे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. प्रिंट काढून नेली तर म्हणे, "तुम्ही वकील आहात का?" अकरा चकरा, अन् हातात काय तर अर्जावरचा एक शिक्का. तो शिक्का मात्र घ्याच, त्याशिवाय ठाण्यातून निघू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. चॅट डिलीट करू नका, मी रागात निम्मे केले.

स्टोअरवर संपर्काला माझाच मेल होता. वर्ध्याच्या एका बाईचा मेल आला, त्या ऍपवरून 4,000 कर्ज घेतले होते, तिच्या दिराला अन् शाळेच्या मुख्याध्यापकांना घाणेरडे मेसेज गेले. तिनं मला लिहिलंय, "दादा, माझे नंबर तुमच्याकडून डिलीट करा." माझ्याकडे ते नंबर नाहीत, हे मी तिला तीनदा कळवलं. तिचा विश्वास बसत नाही.