माणसांना ५ स्टार, बिलाला २

ह्या अँब्युलन्स सर्व्हिसला रेटिंग काय द्यावं हेच कळत नव्हतं म्हणून दोन वेगळे देतोय. गेल्या महिन्यात बाबांना न्यूमोनिया झाला, ज्या छोट्या हॉस्पिटलमध्ये ठेवलेलं तिथे आयसीयू नव्हता, आणि रात्री दीडला डॉक्टर म्हणाले की ऑक्सिजन लेव्हल टिकत नाहीये, मोठ्या ठिकाणी शिफ्ट करा. सरकारी गाडीला आधी फोन केला पण ती दुसऱ्या केसवर होती, मग ही प्रायव्हेट सर्व्हिस बोलावली. नाव टाकत नाही, कारण शेवटी त्यांनी बिल दुरुस्त करून दिलं आणि मला भांडण करायचं नाहीये.

आधी चांगलं. गाडी सांगितलेल्या वेळेत आली. सोबतच्या टेक्निशियन दादांनी स्ट्रेचरवर घेण्याआधी बाबांना नाव विचारलं, "काका, आता जरा हलणार आहे हं, घाबरू नका" म्हणाले, मॉनिटर लावला, ४ लिटरवर ऑक्सिजन सेट केला आणि पूर्ण रस्ताभर एक हात बाबांच्या खांद्यावर. ड्रायव्हरने स्पीड ब्रेकरला गाडी अशी घेतली की सलाईनची बाटली हललीसुद्धा नाही. ह्या दोघांना ५ काय १० स्टार.

आता बिल. आम्ही गेलो १४ किलोमीटर. बिलावर ४४. मी म्हटलं चूक झाली असेल, तर काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, मीटर आमच्या स्टँडपासून चालू होतो आणि स्टँडवर परत गेल्यावर बंद." म्हणजे स्टँड ते पहिलं हॉस्पिटल ११, मग आमचे १४, आणि रिकामी गाडी परत जायचे १९. त्यात बेस चार्जमध्ये पहिले १० किलोमीटर धरलेले, म्हणून माझ्या डोक्यात जादा ४ होते आणि त्यांच्या हिशोबात जादा ३४. खोटं काहीच नाही, बऱ्याच ठिकाणी असंच असतं, पण मी फोनवर फक्त "किलोमीटरला काय रेट" एवढंच विचारलं होतं, कुठून कुठपर्यंत मोजता हे विचारायचं सुचलंच नाही. रात्री दीडला कोणाला सुचतं?

पुढची ओळ वेटिंग. ही मात्र आमचीच चूक. डिस्चार्जची फाइल तयार नसताना आम्ही गाडी बोलावून ठेवली, आणि तिकडे पोचलो तर बेडची एंट्री झालेली नाही, असं करत करत १ तास १० मिनिटं गेली. पहिला अर्धा तास फ्री होता, राहिलेली ४० मिनिटं अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशोबाने म्हणजे दोन स्लॉट लागले. नाइट चार्जबद्दल तक्रार नाही, रात्री कोणीतरी जागं असतं त्याचे पैसे आहेत ते.

खरा घोळ व्हेंटिलेटरचा. बिलात दोन ओळी होत्या, एक "व्हेंटिलेटर अँब्युलन्स" आणि दुसरी "व्हेंटिलेटर वापर". बाबांना व्हेंटिलेटर लागलाच नाही, मशीन बंद होतं, मी शेजारीच बसलो होतो. पहिली ओळ मला पटली, कारण डॉक्टरांनीच सांगितलेलं की वाटेत दम वाढला तर सोय हवी, आणि तशी गाडी म्हणजे डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन), मॉनिटर, शिकलेला माणूस, सगळं तयार ठेवण्याचा खर्च असतो, वापरा नाहीतर नका वापरू. पण वापराचा चार्ज वेगळा कशाला? तसंच ऑक्सिजनला "सिलिंडर १ पूर्ण" लिहिलेलं. टेक्निशियन दादाच वाटेत बोलता बोलता म्हणाले होते की ह्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला ४ लिटर, गाडीत बाबा होते तेवढी ५० मिनिटं, झाले २०० लिटर. मोबाइलवर गुणाकार करून दाखवला. मुलगा आत गेला, पाच मिनिटांनी एक वयस्कर मॅडम आल्या, त्यांनी वापराची ओळ काढली आणि ऑक्सिजन तासावर लावून दिला. वाद नाही, आवाज नाही. मग आधीच नीट का नाही लावायचं?

इन्शुरन्सचं पण सांगतो, कारण आम्ही गृहीत धरलेलं की कॅशलेस आहे म्हणजे झालं. हॉस्पिटलच्या कॅशलेसमध्ये ही गाडी आलीच नाही, खिशातून भरून नंतर क्लेम करावा लागला. आमच्या पॉलिसीत अँब्युलन्सला वेगळी मर्यादा आहे आणि ती पूर्ण बिलाच्या जवळपास पण जात नाही. शिवाय पेशंट अ‍ॅडमिट झाला असेल तरच मिळतं, आणि पावतीवर गाडीचा नंबर, तारीख, वेळ, कुठून कुठे, हे सगळं पाहिजे. पहिली पावती त्यांनी नुसती एकूण रक्कम लिहून दिलेली, ती परत करून ओळीवार मागून घेतली. शिफ्ट का केलं ह्याची डॉक्टरांची चिठ्ठी ताईने त्याच रात्री फाइलमध्ये ठेवलेली, ती कामाला आली, मला तर आठवलंही नसतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, हे सगळं शिफ्टिंगबद्दल आहे, जिथे डॉक्टर शेजारी आहेत आणि दहा मिनिटं हातात आहेत. घरी कोणाच्या छातीत दुखायला लागलं, तोंड वाकडं झालं, माणूस शुद्धीवर नाही, तर रेट विचारत बसू नका, इमर्जन्सी नंबर फिरवा, जी गाडी आधी येईल ती घ्या.

परत लागलीच तर ह्यांनाच बोलवेन का? हो, बोलवेन, त्या दोघांसाठी. फक्त बेड कन्फर्म झाल्यावर आणि फाइल हातात आल्यावर, आणि फोनवरच मीटर कुठून सुरू होतो ते विचारून, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागून.

बाबा आता घरी आहेत. बिलात ऑक्सिजन मास्क नवीन म्हणून लावलेला, तो आईने मॅडमकडून मागून घेतला, "पैसे दिलेत ना" म्हणून, आणि आता तो देवघराच्या खालच्या कप्प्यात पिशवीत बांधून ठेवलाय.