महिना 30 रुपयांचा गट विमा: पाचपैकी तीन तारे

नाशिकरोडला टपाल खात्यातून गट ‘क’ मध्ये निवृत्त झालो, म्हणून केंद्र सरकारी कर्मचारी गट विमा योजनेबद्दल लिहितो. पगारातून महिना 30 रुपये कपात. त्यातले 70 टक्के बचत निधीत, 30 टक्के विमा निधीत. ही विभागणी झकास! नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना विम्याचे 30,000, वर साठलेली बचत. धडधाकट निवृत्त झालात तर बचत व्याजासकट हातात. विमा निधीतला वाटा मात्र परत नाही. तो कुणाच्या तरी अडल्या घरी गेला, असं मी म्हणतो. आमच्या हिला ते अजून पटलेलं नाही. दर 1990 चे, माझ्या निवृत्तीपर्यंत तेच. 30,000 मध्ये आज घर किती महिने चालणार? दोन तारे त्यासाठीच कापले.